खाऱ्या बाथमधला भात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बेंगळुरूतल्या एका मराठी कार्यक्रमाला महाराष्ट्रातून एक वक्ते आले होते. विषय होता दक्षिणेतल्या मराठी पाऊलखुणा. भाषण बरं झालं. नंतर जेवणाच्या रांगेत त्यांनी सांबाराची वाटी जरा उंच धरली आणि आम्हा चार-पाच जणांना म्हणाले, "हे आपलंच, बरं का. संभाजीराजांवरून पडलेलं नाव आहे." सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात वाढपी मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "आणखी घालू का?" हेल कानडी होता, पण वाक्य मराठी होतं. त्याच्या घरी तीच भाषा बोलत असणार, कारण आमच्यासाठी ती शिकून यायचं त्याला काही कारण नव्हतं. पाहुण्यांनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "बस, थोडा ही देना."

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. पाहुण्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला फारसा नाही, त्याचं कारण पुढे येईलच. पण आधी माझ्या इटालियनच्या वर्गाबद्दल सांगायला हवं, कारण त्या वर्गात बसल्याशिवाय मला हे काही उमगलं नसतं.

पन्नाशी उलटल्यावर मी इटालियन शिकायला लागले. बेंगळुरूत यात आता कुणाला नवल वाटत नाही. आमच्या वर्गात दोघं सॉफ्टवेअरवाले, ऑपेराचं वेड असलेले एक निवृत्त डॉक्टर, इटलीत शिकायला निघालेल्या तीन मुली आणि मी. शिकवणाऱ्या बाई इटलीच्याच. महिनाभरात त्यांनी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि बाजाराची यादी पुढ्यात घेतली. भाषा, भूगोल आणि इतिहास असे तिन्ही तास त्या यादीवरच व्हायचे.

पहिल्या दिवशी कलिंगड निघालं. उत्तर इटलीत त्याला 'आंगुरिया' म्हणतात, तोस्कानात आणि रोमच्या बाजूला 'कोकोमेरो', आणि दक्षिणेत पाण्याचं खरबूज अशा अर्थाची नावं चालतात. डॉक्टरांनी लगेच विचारलं, यातला बरोबर शब्द कुठला? बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे." आणि फळ्यावर नकाशा काढून तिन्ही शब्द तीन ठिकाणी लिहिले. पुढच्या आठवड्यात सिसिलीचे तळलेले भाताचे गोळे आले. संत्र्यासारखे दिसतात म्हणून नाव संत्र्यावरून. पालेर्मोत ते स्त्रीलिंगी, 'आरांचिना'. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कातानियात पुल्लिंगी, 'आरांचिनो'. हे भांडण इतकं पेटलं की १५८३ साली स्थापन झालेल्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या भाषासंस्थेला २०१६ मध्ये त्यावर टिपण लिहावं लागलं. आपल्याकडे पोळी की चपाती यावर भांडण होतंच, पण त्यावर कुठल्या भाषासंस्थेने शांतपणे टिपण लिहून दोन्ही शब्दांचा प्रवास सांगितलेला मला आठवत नाही. आपण सरळ जात विचारतो.

मग मिरची. इटालियनमध्ये मिरे म्हणजे 'पेपे' आणि मिरची म्हणजे 'पेपेरोन्चिनो'. अमेरिकेतून आलेल्या नव्या तिखट वस्तूला त्यांनी जुन्या तिखट वस्तूचं नाव जोडून दिलं. मी वहीच्या समासात सहज लिहिलं: मिरे, मिरची. मग कन्नड आठवलं: मेणसु म्हणजे मिरे, मेणसिनकायी म्हणजे मिरची. मग तमिळ: मिळगु आणि मिळगाय. तीन भाषांनी आणि चौथ्या इटालियनने हाच हिशोब केला होता. पोर्तुगीजांच्या गलबतांमधून उतरलेली ती वस्तू आमच्याकडच्या सगळ्या स्वयंपाकघरांना सारखीच परकी होती, आणि सगळ्यांनी तिला सारख्याच रीतीने घरात घेतलं. एका शब्दाच्या पोटात एवढा व्यापार, एवढं समुद्रपर्यटन. तीस वर्षं मी ब्याडगी मिरची विकत घेत होते आणि हे मला रोमन लिपीतून कळलं. शरम वाटली, खोटं कशाला सांगू.

त्या रात्री मला आजी आठवल्या.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही बसवनगुडीत भाड्याने राहायचो. तळमजल्यावर घरमालकीण आजी. त्यांचे पूर्वज तंजावरहून आलेले, देशस्थ, आडनावाच्या जागी 'राव'. मी पुण्याची आहे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. माझ्याशी त्या त्यांच्या मराठीत बोलायच्या. ते मला अर्धं कळायचं आणि पूर्ण गमतीचं वाटायचं. रामनवमीला त्यांनी पानक आणि भिजवलेली मूगडाळ, काकडी, खोबरं घातलेली वाटी वर आणून दिली. म्हणाल्या, "कोसंबरी आहे." मी म्हटलं, "आजी, कोशिंबीर म्हणायचं." मनात वाईट काही नव्हतं. पुण्यात आम्ही एकमेकांना असं दिवसभर सांगतच असतो. आजी थोडं थांबल्या. "तुमचं ते खरं मराठी. आमचं असंच," म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कन्नडात बोलायला लागल्या. मला वाटलं, मला कन्नड यावं म्हणून मायेने बोलताहेत. मी चांगलं कन्नड शिकले ते त्यांच्याकडूनच. त्या माझ्याशी मराठी बोलायच्या थांबल्या आहेत हे माझ्या लक्षात यायला इटालियनचा वर्ग लागला. तोवर आजी जाऊन सहा वर्षं झाली होती.

म्हणून म्हटलं, पाहुण्यांना बोलायचा मला अधिकार नाही. त्यांनी निदान वाढप्याची चूक काढली नाही.

आता जरा इतिहास, कारण इटलीचं उदाहरण मी फॅशन म्हणून देत नाही. १८६१ साली इटली एक राष्ट्र झालं तेव्हा किती लोकांना इटालियन येत होतं? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलेला अंदाज अडीच टक्क्यांचा आहे. इतर अभ्यासक तो आकडा दहाच्या आसपास नेतात. कुठलाही धरा, बाकी सगळा देश आपापल्या बोलीत जेवत आणि भांडत होता. अशा देशात १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या, व्यापारातून निवृत्त झालेल्या गृहस्थाने एक पाकपुस्तक काढलं. प्रकाशक मिळेना, म्हणून स्वतःच्या पैशाने छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या; १९११मध्ये तो वारला तोवर त्या ७९० झाल्या होत्या, कारण देशभरातल्या गृहिणी त्याला पत्रं लिहून पाककृती आणि दुरुस्त्या कळवत होत्या. पिएरो काम्पोरेसी या अभ्यासकाने पुढे म्हणून ठेवलं, की देश एकत्र आणण्याचं काम मान्झोनीच्या महान कादंबरीपेक्षा या पुस्तकाने जास्त केलं.

मला या पुस्तकातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आर्तुसी राहायचा फिरेन्झेत, लिहायचा तिथल्या भाषेत, आणि तीच प्रमाण मानली जायची. तरीही पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने एक छोटा शब्दकोश जोडला. तोस्कानाचे जे शब्द सगळ्यांना कळणार नाहीत, त्यांचे अर्थ त्यात दिले. प्रमाण भाषेचा माणूस आपल्याच शब्दांचा खुलासा करतो आहे! माझा शब्द तुम्हाला कळणं ही माझी जबाबदारी आहे, असं मानणारा प्रमाणभाषक मी पुण्यात तरी पाहिला नाही. आपल्याकडे खुलासा नेहमी दुसऱ्याने करायचा असतो. मालवणी कादंबरीच्या शेवटी शब्दार्थ असतात, अहिराणी कवितेखाली तळटिपा असतात. सदाशिव पेठेतल्या कथेखाली 'मुरांबा' म्हणजे काय ते कुणी लिहीत नाही.

आर्तुसीत खोट होतीच. त्याचा इटली म्हणजे मुख्यतः रोमान्या आणि तोस्काना. दक्षिण त्यात अगदी थोडी, आणि गरिबाचं ताट जवळपास नाहीच. त्याच काळात व्हेनेतोचे शेतमजूर नुसत्या मक्याच्या पोलेन्तावर जगून पेलाग्राने मरत होते. आपला आर्तुसी म्हणजे कमलाबाई ओगल्यांची १९७०ची 'रुचिरा'. तिच्याबद्दल मला अपार कृतज्ञता आहे. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी तिच्यावर काढली. पण तिने मराठी शहरी स्वयंपाकाला एक सामाईक भाषा दिली, तशी त्या भाषेबाहेर काय राहिलं हे विसरायची सोयही करून दिली. शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचं ताट मराठीत मांडलं, तोपर्यंत २०१५ साल उजाडलं होतं. पूर्णब्रह्माच्या आधी एक अक्षर लावून त्यांनी जे म्हटलं, त्याला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही.

दक्षिणेतल्या मराठीला तर असा पाटोळेही मिळालेला नाही. आणि तिचं पुस्तक बेंगळुरूच्या रस्त्यावर उघडं पडलेलं आहे. कुठल्याही दर्शिनीत जा. फलकावर काय आहे? वांगीबात. वांग्याला कन्नडात बदनेकायी म्हणतात, तमिळमध्ये कत्तरिक्काय. मग वांगी आली कुठून? तंजावरच्या बाजूला 'रसवांगी' नावाचा पदार्थ तमिळ घरांत रांधतात, त्यातही तीच. 'बिसी बेळे बात' घ्या: गरम डाळ कन्नड आणि भात मराठी. आता त्याच फलकावर पुढे वाचा. 'खारा बात', 'केसरी बात', आणि दोन्ही एका बशीत घेतले तर 'चौचौ बात'. यात भाताचं शितही नाही, दोन्ही रव्याचे. भात या शब्दातून तांदूळ गळून गेला आणि मागे उरला शिजवून मोकळा केलेला कुठलाही पदार्थ. इंग्रजी पाटीवर तर त्याचा स्नानाचा 'बाथ' झाला आहे. 'खारा'ही आपला खारा नव्हे; कन्नडात खार म्हणजे तिखट.

आणि गंमत इथे संपत नाही. या खाऱ्या बाताला पुण्या-कोल्हापुरात काय म्हणतात? उप्पीट. तो शुद्ध कन्नड शब्द आहे, उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. म्हणजे एकाच रव्याला बेंगळुरूने मराठी नाव दिलं आणि पुण्याने कन्नड. यात कोण कुणाचा देणेकरी? 'तूप' घ्या. कन्नड तुप्प आणि जुन्या प्राकृतातला तुप्प, एकच शब्द, आणि त्याचं मूळ द्राविडी मानतात. वरणभातावर तुपाची धार सोडून जो अस्सल मराठीपणा आपण साजरा करतो, त्याच्या धारेतच कन्नड आहे. 'अडकित्ता' फोडून पाहा, आत 'अडके' म्हणजे कन्नड सुपारी सापडेल. चिकपेट, बळेपेट, अक्कीपेट या इथल्या बाजारांतली 'पेटे' आणि आपली पेठ या सख्ख्या बहिणी आहेत.

हे सगळं मी कौतुक म्हणून सांगत नाही. या कौतुकाचा मला आता उबग आला आहे. मराठी दिवाळी अंकांत 'दक्षिणेतली मराठी चव' असा एक लेख वर्षाआड येतो. त्यात आजीच्या हातची चव असते, पितळी भांडी असतात, सरफोजीराजांचा उल्लेख असतो आणि शेवटी डोळे पाणावतात. त्या आजी कोणत्या भाषेत बोलत होत्या याबद्दल त्यात एक वाक्य असतं, 'त्यांची मराठी जरा वेगळी, गोड वाटते'. गोड! साडेतीनशे वर्षं तीन भाषांच्या मधोमध तग धरून राहिलेल्या बोलीला आपण लहान मुलाच्या बोबड्या बोलाचं विशेषण लावतो.

खरं तर या शहराची मराठी सुरुवात कशी झाली होती ते आठवा. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बेंगळुरू घेतलं, त्यात शहाजीराजे होते, आणि हे शहर त्यांची जहागीर झालं. त्यांच्या पदरी जयराम पिंड्ये हा कवी होता. 'राधामाधवविलासचंपू' हे त्याचं काव्य वि. का. राजवाड्यांनी १९२२ मध्ये छापलं. मूळ काव्य संस्कृतात. पण त्याच्या शेवटच्या भागात मराठी, कन्नड, हिंदी, फारसी अशा कितीतरी भाषांतली रचना आहे, आणि कवीला बारा भाषा येत असं सांगितलं जातं. म्हणजे तुम्ही हातात धरलेला हा बहुभाषिक अंक या शहरातला पहिला नव्हे. शहाजीराजांचा मुलगा एकोजी याचा १६६९चा शिलालेख मल्लेश्वरमच्या देवळाशी निगडित आहे, तो कन्नडात. पुढे एकोजीने तंजावर घेतलं आणि त्याचा मुलगा शहाजी याने 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक लिहिलं, ज्यात पात्रं संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी बोलतात. या भोसल्यांना शेजाऱ्याच्या भाषेत दान देताना वा नाटक लिहिताना आपलं मराठीपण कमी झाल्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या नावाने सांबारावर हक्क सांगणाऱ्यांना मात्र कन्नडातली पाटी वाचता येत नाही.

त्या सांबाराबद्दल एकदाचं बोलून टाकू. गोष्ट अशी सांगतात: संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमसूल संपलं होतं, कुणीतरी चिंच वापरली आणि नव्या आमटीला पाहुण्यांचं नाव दिलं. तंजावरचा शहाजी १६८४मध्ये गादीवर आला, संभाजीराजांची हत्या मार्च १६८९मध्ये झाली. या चार-पाच वर्षांत, चहूकडून मोगल चढून आलेले असताना, हे जेवण कधी झालं? त्या भेटीचा समकालीन कागद कुणी दाखवावा. मी विचारत आले आहे, अजून कुणी दाखवलेला नाही. उलट शब्दाकडे पाहिलं तर रस्ता सरळ दिसतो. संस्कृतात संभार म्हणजे जमवलेली सामग्री. गुजरातेत फोडणी दिलेल्या कोबीच्या पदार्थाला संभारो म्हणतात. विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. नागपूरच्या बाजारात मागून बघा. मसाल्याच्या सामानाचा हा शब्द देशभर वेगवेगळ्या भांड्यांत शिजला. हा इतिहास राजाच्या गोष्टीपेक्षा मोठा आहे, पण त्यात 'आपलंच' म्हणायची सोय नाही.

इटलीतही अशा कथा भरपूर आहेत, पण तिथे त्यांना घरातूनच सुरुंग लावणारे आहेत. आल्बेर्तो ग्रांदी या पार्माच्या प्राध्यापकाने २०१८ मध्ये एक पुस्तकच लिहिलं, की इटालियन खाद्यपरंपरा म्हणून जे मिरवतात त्यातलं कितीतरी विसाव्या शतकातलं आहे. रोमचा प्राण समजली जाणारी कार्बोनारा दुसऱ्या महायुद्धानंतरच कागदावर दिसू लागते, आणि तिची पहिली छापील कृती १९५२ मध्ये शिकागोत निघाली. लोक चिडले, चिडायचेच. पण पुस्तक खपलं आणि वाद झाला. आमच्या वर्गात बाईंनी तो वाद धड्यासारखा वाचायला लावला. तोवर मी इटालियनांना भावुक समजत होते.

सांबारावर हक्क सांगण्यातला आणखी एक भाग मला खुपतो. मुंबईत १९६०च्या दशकात उडुपी हॉटेलांवर दगड पडले. इडली, लुंगी आणि 'यंडुगुंडू' हे शिवीसारखे शब्द झाले. त्या पिढीने दक्षिणेच्या ताटाला परकं म्हटलं आणि पुढच्या पिढीने तेच ताट संभाजीराजांच्या नावाने आपलं म्हटलं. दोन्ही वेळा समोरच्या माणसाची भाषा ऐकायचं काम आपण टाळलं. दगड मारणं आणि मालकी सांगणं यांत फरक आहेच, पण ऐकणं दोन्हींत नाही.

यावर मला मिळणारं उत्तर ठाऊक आहे. बाई, तुम्ही ज्या आजींबद्दल गळा काढता आहात त्या देशस्थ. त्यांच्या मेतकूट-पिठल्याचं एवढं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. तंजावरच्या राजवाड्याचा स्वयंपाक निदान 'शरभेंद्र पाकशास्त्रा'त लिहिलेला आहे, ते सरस्वती महालाने छापलंही आहे. पण बेंगळुरूच्या जुन्या पेठांतले शिंपी, रंगारी, घोडदळातून आलेले मराठे काय जेवत? त्यासाठी मिलिटरी हॉटेलांत जावं लागेल. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल, कॉटनपेटचं एस. जी. राव यांचं, नावंच पुरेशी बोलतात. तिथे 'दोन्ने'त बिर्याणी मिळते. दोन्ने म्हणजे आपला द्रोण. मी तिथे पहिल्यांदा गेले ती या शहरात येऊन चोवीस वर्षं झाल्यावर, आणि गल्ल्यावरच्या आजोबांनी नोकराला हाक मारून मटणाबद्दल काहीतरी मराठीत सांगितलं तेव्हा माझ्या हातातला घास तसाच राहिला. दक्षिणेतल्या मराठी चवीवरच्या कुठल्याच लेखात मला ते हॉटेल भेटलं नव्हतं. आपल्या लेखकांची दक्षिण शाकाहारी आहे.

मग करायचं काय? ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले गेले. तमिळला तो २००४मध्येच मिळाला होता, कन्नडला २००८मध्ये. म्हणजे आजींच्या घरातली मराठी दोन अभिजात भाषांच्या शेजारी राहून आली होती, आपण मागून पोचलो. दर्जासाठी आपण जे जुने पुरावे मिरवतो त्यांतला एक इथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी. तिथे मराठी ओळ आहे, आणि सोबत कन्नड आणि तमिळही आहे. आपण आपल्या ओळीचाच फोटो काढतो.

मला संमेलन नको आहे, आणि पाककृती स्पर्धा तर नकोच नको. शब्दकोश हवा आहे. दक्षिणेतल्या मराठी घरांतल्या स्वयंपाकाच्या शब्दांचा, उच्चारांसकट, कोणत्या घरात आणि कोणत्या पेठेत ऐकला त्याच्या नोंदीसकट. त्यासाठी लागणारा पैसा एका अभिजात-सोहळ्याच्या मांडवापेक्षा कमी आहे. लागणारी माणसं मात्र कन्नड आणि तमिळ वाचणारी हवीत, आणि इथे आपलं अडतं. या भाषेतलं बरंचसं लिखाण देवनागरीत नाहीच.

हे मला कसं कळलं ते सांगते. गेल्या वर्षी मी आजींच्या नातीला शोधून काढलं. ती व्हाइटफील्डमध्ये नोकरी करते. मी माफी मागायला गेले होते, पण तिला तो प्रसंग माहीतच नव्हता; आजींनी घरी सांगितला नव्हता. "आमचं ते घरातलं मराठी, आँटी, रियल मराठी नव्हे," ती म्हणाली, अगदी सहज. मग आतून एक वही घेऊन आली. आजींची, बॅंकेच्या जुन्या डायरीत लिहिलेली. भाषा मराठी, लिपी कन्नड. मोजमापं पाव, चटाक आणि शेरात. नातीला लिपी वाचता येते, पण निम्मे शब्द कळत नाहीत. मला ऐकून पुष्कळ कळतं, पण शिरोरेखा नसलेलं ते घाईचं कन्नड हस्ताक्षर मला अजून धड वाचता येत नाही. त्यामुळे ही वही वाचायला दोघी लागतो. शनिवारी दुपारी ती मोठ्याने वाचते आणि मी लिहून घेते.

आतापर्यंत एकोणीस पानं झाली. परवा 'डांगर' आलं. तिने फोनवर शोधलं तर लाल भोपळा निघाला. विदर्भ-मराठवाड्यात आहेच तसं. आजींचं डांगर उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, वर हिंगाची फोडणी. माझी आजीही करायची. माझ्या पिढीत आमच्या घरी ते कुणी केलेलं मला आठवत नाही. चेन्नईच्या पाकपुस्तकांत मात्र 'डांगर पचडी' अजून छापली जाते. आम्ही त्या दुपारी ते करून पाहिलं. हिंग जास्त झाला.

वहीबरोबर आम्ही शब्दांची यादी करतो आहोत, तीन रकान्यांची. पहिल्यात आजींचा शब्द, जसा लिहिलाय तसा. दुसऱ्यात कन्नड किंवा तमिळ, जे लागू असेल ते. पुण्याचा शब्द तिसऱ्या रकान्यात, आणि तो प्रत्येक वेळी भरलाच पाहिजे असं नाही. कोसंबरी पहिल्या रकान्यात आहे. नातीने विचारलं, "पण आँटी, करेक्ट कुठला?" मी तिला पुढचं पान वाचायला सांगितलं.